काटा दुसऱ्यांदा कुठे थांबला

मामा, दवाखाना अजून बंदच आहे. पण मागच्या खोलीचं कुलूप मी काल काढायला लावलं. तुळई आहे तशी आहे. एक टोक भिंतीतल्या बिजागरीत, दुसऱ्या टोकाला साखळीने टांगलेली धान्यबाजारातली लोखंडी मापं. खाली मणके ठेवायची दगडी पाटी, तांब्याची नळी, आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या जुन्या बॉयलरवरून काढून आणलेलं दाबाचं गेज. काचेवरची धूळ मी पुसली. काटा शून्याच्या थोडा वर अडकून बसला होता. तुम्ही असतात तर नखाने टिचकी मारली असतीत आणि म्हणाला असतात, "झोपला व्हता बिचारा." मी टिचकी मारली नाही. काटा का अडकला हे कळल्याशिवाय टिचकी मारायची नाही, यावरून तर आपलं पहिलं भांडण झालं होतं.

तुमच्यावर लिहायचं म्हटल्यावर लोक तुमच्या दवाखान्याबद्दल लिहितील. मध्यरात्री बैलगाडी जुंपून गेलात ते लिहितील. ते सगळं खरं आहे. मला मात्र ही मागची खोलीच आठवते, कारण मी तुम्हाला इथे ओळखायला लागले. त्याआधी तुम्ही माझ्या आईचे भाऊ होतात, दिवाळीत भेटणारे, मोठ्याने बोलणारे. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. कोणी मोठ्याने बोललं की मी खुर्चीच्या पाठीकडे सरकायची. बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय, हे घरात कोणाला ठरवता येईना, तेव्हा आईने मला तुमच्याकडे कारंज्याला पाठवून दिलं. मामींना वाटलं, स्थळं पाहायला बरं. तुम्ही म्हणालात, "फिजिक्स शिकलीस ना वं? मंग मले एक काम आहे तुह्यासाठी."

ते काम म्हणजे हमालांच्या पाठी.

बाजाराच्या दिवशी तुमच्या ओसरीवर बसलेल्या माणसांत निम्मे हमाल असत. कोणी कमरेत वाकलेला, कोणाच्या पायात कळ उतरलेली. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते, आत ओला गर आणि भोवती चिवट कडं. ती गादी दबून फाटते आणि शीर आवळते, हे तुम्ही मला एका पावाच्या तुकड्यावर दाखवलंत, आणि मग तोच तुकडा चहात बुडवून खाल्लात. त्या वर्षी मणाशेरांची जुनी वजनं जाऊन किलो येणार होते. पोत्याचं माप नव्याने ठरायचं होतं. अडत्यांचा कल होता शंभर किलोकडे, कारण जुनं पोतं जवळपास तेवढंच भरायचं. तुम्ही म्हणत होतात, पन्नास. थोरल्या अडत्यांनी तुम्हाला हसून विचारलं होतं, "डॉक्टरसाहेब, पाठ दुखते हे आमाले बी मान्य आहे. पण गादीवर दाब किती पडते, ते दाखवा ना. आकडा दाखवा."

त्यांनी गंमत केली असेल. तुम्ही ती मनावर घेतलीत. बाहेरदेशी कोणी गादीत सुई घालून आतला दाब मोजतं, असं तुम्ही कुठल्याशा वैद्यकीय मासिकात वाचलं होतं. झालं. पाठीतलं पाणी काढायची जाड सुई, तांब्याची नळी, गेज, तुळई. आणि बोकडाचे मणके.

मणके मंगरूळपीरहून यायचे. तुमचे कंपाउंडर रहीमभाई, त्यांच्या भावाचं तिथे दर्ग्याजवळ मटणाचं दुकान. गुरुवारी नवसाचे बोकड पुष्कळ कापले जात. कमरेचे मणके, मधल्या गादीसकट, तो वेगळे काढून ठेवी आणि शुक्रवारच्या मोटारीने पाठवी. कंडक्टर ती पुडी दोन बोटांत धरून आणायचा. "घ्या डॉक्टरसाहेबाचं पार्सल! सारी मोटार नाक धरून बसली व्हती!" त्यावर तुम्ही त्याला आत बोलावून खोकल्याचं औषध द्यायचात, न मागता.

मामींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की ते मणके घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. मागची खोली दवाखान्याची, ती घराची नाही, असा तुम्ही निवाडा दिलात. मामी मानल्या, पण जेवायला वाढताना विचारायच्याच, "काय म्हणते तुमचा बोकड? त्याची कंबर बरी झाली का? इथं माही दुखून राह्यली, तिच्याकडं पाहायले कोणी नाही." तुम्ही म्हणायचात, "तुह्या कमरेत सुई घालू काय? आण." आणि मी मान खाली घालून हसायची. तुम्हाला ते दिसायचं. "हसली रे बाप्पा, मॅडम हसली," म्हणून तुम्ही सगळ्या घराला ऐकवायचात.

पहिले काही आठवडे काटा नीट हललाच नाही. नळीत पाणी भरलेलं, त्यात हवेचा बुडबुडा राहायचा. दाब त्या बुडबुड्यालाच आवळण्यात जायचा. ते मी शोधलं. नळीच्या मध्ये काचेचा एक तुकडा बसवून बुडबुडा तुम्हाला दाखवला, तेव्हा तुम्ही रहीमभाईंना, दोन पेशंटांना आणि दारावरून जाणाऱ्या एका भाजीवालीलाही तो बोलावून दाखवलात. मला तेव्हा जमिनीत शिरावंसं वाटलं. आज वाटतं, माझ्या एखाद्या कामाचं कौतुक करायला रस्त्यावरचं माणूस आत आणणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही.

बुडबुडा गेला आणि एका सकाळी काटा चढला. साखळीला मापं टांगली, तुळई मणक्यावर टेकली, काटा सरसर वर गेला आणि थांबला. तुम्ही आकडा मोठ्याने वाचलात. "झालं! हाच नेतो सभेत."

मी म्हटलं, "मामा, तोच मणका परत लावू या."

"कायले? आकडा भेटला ना."

"परत तोच येतो का पाहू."

"तुह्या कॉलेजात हेच शिकवते काय? भेटलेलं परत हरवून पाहायचं?"

पण तुम्ही लावलात. काटा पहिल्यापेक्षा खाली थांबला. तिसऱ्यांदा आणखी खाली. तुम्ही म्हणालात, सुई काढून परत खुपसली की भोकातून गर पाझरतो, "फुग्याले टोचून वरून इचारते, फुगला काहून नाही!" ते बरोबर होतं. मग आपण सुई आतच ठेवली. कधी मणक्याखाली पाचर लावून, कधी निम्मी मापं उतरवून काटा पाहायचो. तरी काटा सकाळी एक सांगायचा, दुपारी दुसरं. एकाच बोकडाचे दोन शेजारचे मणके दोन घरचे असल्यासारखे वागायचे. तुम्ही चांगला आकडा दिसला की खूश व्हायचात आणि वाईट दिसला की टिचकी मारायचात. मी टिचकीआधीचा आणि टिचकीनंतरचा असे दोन्ही आकडे लिहायची. त्याचा तुम्हाला राग यायचा. "माह्या चुगल्या लिहून ठेवून राह्यली," असं तुम्ही रहीमभाईंना सांगत असलेलं मी दाराआडून ऐकलंय.

आणि मग तुम्ही अनसिंगला गेलात. तिथे कोणाची तरी बाळंतीण अडली होती, दोन दिवस आला नाहीत. त्या दोन दिवसांत मणके तसेच राहिले. परत येऊन लावले तर काटा पार खाली. तुम्ही म्हणालात, शिळे झाले. मला वाटलं, शिळे तर गेल्या आठवड्यातले पण झाले होते, ते का असे वागले नाहीत? मी खोलीत बसून आपण रोज काय करतो ते पहिल्यापासून आठवत गेले. आणि मग फडकं दिसलं.

विड्याच्या पानांसाठी मामी जसं ओलं फडकं ठेवतात, तसंच फडकं तुम्ही मणक्यांभोवती गुंडाळायचात. सुकू नयेत म्हणून. आणि रोज सकाळी दात घासून झाले की आधी पानांवर आणि मग मणक्यांवर, त्याच तांब्यातून पाण्याचा हबका. तुम्ही अनसिंगला होतात ते दोन दिवस मणक्यांवर हबका मारायला कोणी नव्हतं. घरात कोणालाच त्या हबक्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. मलाही नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे जे जे सुकतं ते ते आपण ओल्या फडक्यात ठेवतो. पण ती गादी पाणी पिते, मामा. सकाळी पिऊन टरटरून फुगायची, काटा वर. दुपारपर्यंत झळा लागून उतरायची, काटा खाली. आपण महिनाभर हमालाच्या पोत्याचा दाब मोजतोय असं समजत होतो, आणि मोजत होतो तुमच्या तांब्यातलं पाणी.

मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही आधी इतके हसलात की ठसका लागला. मामींना हाक मारलीत, "अवं, तुह्या पानांनी घात केला!" आणि मग पाटीवरचं फडकं उचलून माझ्यासमोर धरलंत.

तुम्ही म्हणालात, "जित्या माणसाची गादी कोरडी असते काय? तो सकाळी उठते तवा ती पाणी पिऊन बसली असते. दिवसभर ओझं वाहते तवा उतरते. सकाळी माणूस बोटभर उंच असते, हे मी मोजून पाह्यलं आहे. मंग ओला आकडाच खरा नाही काय? तुह्या कोरड्या गादीवर कोणता हमाल उभा राहते, सांग."

मी म्हटलं, "पण किती ओली, ते आपल्याला माहीत नाही. उद्याचा हबका आजच्याएवढा नसणार."

"मंग माहा आकडा खोटा?"

"खोटा नाही. पण परत मागितला तर देता येणार नाही."

तुम्ही तुळईवरची मापं एकेक करून उतरवलीत. "सभेत हमाल बसून राहतीन. त्यांले मी सांगू, की बाप्पाहो, माही भाची म्हणते परत मोजू? तिकडं शंभराचं ठरून जाईन, आन् आपण मोजतच बसू."

मीही पहिल्यांदाच आवाज चढवला. काय बोलले ते नीट आठवत नाही, शेवटचं वाक्य इंग्रजीत गेलं एवढं आठवतं, आणि तुम्ही डोळे बारीक करून म्हणालात, "भांडायले लागली की हिचं तोंड उघडते. बरं झालं. बसू आपण, ठरवू काय ते."

बसणं राहून गेलं. त्याच आठवड्यात, पेशंटची नाडी हातात असताना, तुम्ही गेलात. रहीमभाई सांगत होते की तुम्ही त्याचा हात सोडला नव्हता.

मामा, तुम्हाला मी एक कधी सांगितलं नाही. सांगायचं कसं तेच मला येत नव्हतं. शाळेत, कॉलेजात, घरी, मी नेहमी बरोबर उत्तर आल्यावरच तोंड उघडत आले. या खोलीत मी चुकीचं बोलले, अर्धवट बोलले, तुमच्या तोंडावर नाही म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही परत हाक मारलीत, "चाल वं, बोकड वाट पाहून राह्यला." तुमच्यावर रागावून झोपायला मला किती बरं वाटायचं! सकाळी तुम्ही असणारच आहात, ही खात्री असल्याशिवाय कोणावर तसं रागावता येत नाही.

तुमचं तेरावं झालं आणि तुकाराम मुकादम आले. हमालांचे पुढारी, तुम्ही त्यांना 'पहिलवान' म्हणायचात. ओसरीच्या खालीच उभे राहिले. म्हणाले, "बाई, सभा शनिवारी आहे. डॉक्टरसाहेब म्हणत व्हते आकडा भेटला म्हणून. तुमी होत्या संगं. तुमी येऊन सांगून द्या."

मामी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना वाटलं मी आत जाईन. मलाही तसंच वाटलं होतं.

सभा थोरल्या अडत्यांच्या पेढीत होती. गादीवर अडते, खाली सतरंजीवर हमाल, आणि दाराशी मी. तुमच्यासाठी नेहमी काढून ठेवत त्या खुर्चीवर मला बसा म्हणाले, मी बसले नाही. थोरले अडते चांगलं बोलले तुमच्याबद्दल. डोळे पुसले. मग म्हणाले, "तं सांगा बाई. किती पडते दाब?"

तुमचा पहिल्या सकाळचा आकडा मला पाठ होता. मोठा होता. तो मी म्हटला असता तर पेढीत कोणी तो तपासू शकलं नसतं. तुकाराम मुकादम माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या मागे ज्यांच्या पाठीवर मी तुम्हाला मलम चोळताना पाहिलं होतं ती सगळी माणसं होती. मी म्हटलं, "आकडा मी देत नाही. तो रोज वेगळा येतो."

एक तरुण अडत्या हसला. "म्हंजे डॉक्टरसाहेब खोटं सांगत व्हते काय?"

मामा, त्या एका वाक्याने माझी भीती गेली. मी म्हटलं, "नाही. डॉक्टरांनी एकदाही खोटं वाचलेलं नाही. काटा जिथे थांबला तेच वाचलं. तो दुसऱ्यांदा तिथे थांबत नव्हता, एवढंच. पण काही गोष्टी दर वेळी तशाच झाल्या, त्या सांगते. मणका ओला असो, सुका असो, सकाळ असो, दुपार असो. वजन तेच ठेवून मणक्याखाली समोरून पाचर लावली, म्हणजे माणूस वाकल्यासारखा केला, की काटा सरळ असतानापेक्षा वर गेला. एकदाही उलटं झालं नाही. आणि वजन निम्मं केलं की काटा उतरला. तेही एकदाही चुकलं नाही."

"किती उतरला?" थोरले अडते म्हणाले.

"कधी पुष्कळ. कधी थोडा."

पेढीत कुजबुज झाली. पन्नासाचं पोतं हातचं गेलं, हे मी तिथेच ओळखलं. 'कधी थोडा' हे दोन शब्द मी म्हटले नसते तर? पण ते खरे होते. थोरल्या अडत्यांनी हिशेबी माणसासारखं दोन्ही हात मांडीवर ठेवले. पोतं शंभराचंच राहील, म्हणाले, कारण निम्म्याने किती वाचतं ते बाईंनाच माहीत नाही. पण वाकून उचलण्यात तोटा आहे हे बाई छातीठोक सांगतात, तर बाजारात कमरेएवढे ओटे बांधू; थप्पी ओट्यावर लागेल, हमालाने जमिनीवरून पोतं घ्यायचं नाही. एवढं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं.

बाहेर आल्यावर तुकाराम मुकादम माझ्यावर चिडले. "एवढ्या शिकल्या बाई तुमी, आन् एक आकडा ठोकून देता आला नाही? डॉक्टरसाहेब असते तं देऊन मोकळे झाले असते!"

खरंच दिला असतात का? मी रोज स्वतःला विचारते. कधी वाटतं, तुम्ही तो ठणकावून सांगितला असतात आणि पन्नासाचं पोतं घेऊन घरी आला असतात, आणि मी कोपऱ्यात बसून तुमच्याशी भांडले असते, आणि तुम्ही बरोबर असतात. कधी वाटतं, शेवटच्या क्षणी तुम्हीही काट्याकडे पाहिलं असतंत. तुमची बाजू तुमच्याशिवाय मला नीट मांडता येत नाही. तुमच्या तोंडून ती इतकी पटायची!

ओटे बांधायला घेतलेत. पहिला काल पुरा झाला. रहीमभाई मला बळेच घेऊन गेले. तुकाराम मुकादम थप्पीकडे पाठ करून उभे राहिले, वरच्या माणसाने पोतं त्यांच्या खांद्यावर सरकवलं आणि ते न वाकता चालायला लागले. गाडीपाशी पोतं उतरवून परत आले. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "कंबर बोंबलली नाही, हे खरं आहे. पण पाय तं तेवढेच भरून येते बाई. ओझं ते ओझंच."

"हो," मी म्हटलं.

"पुढच्या साली परत बसतीन अडते. तवा पक्का आकडा भेटन काय? परत मागितला तरी तोच येईन असा?"

आजूबाजूला दहा माणसं ऐकत होती. मामा, मला अजून माहीत नाही गादी किती ओली ठेवायची. सुई कोणत्या कोपऱ्यात घालायची ते माहीत नाही. ते गेज कितपत खरं बोलतं तेही माहीत नाही. आधी उत्तर आणि मग तोंड, अशी मी.

"भेटेल," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.